ध्रुव हालतो

स्वेटरांची पेटी उघडली की सगळ्यात आधी हाताला लागतो तो लाकडाचा एक ठोकळा. आगपेटीपेक्षा जरा जाड, सागाचा, एका अंगाला तांब्याच्या दोन पट्ट्या आणि पोटातून निघालेली लाल-काळी वायर. दरवर्षी थंडी पडली की मी तो बाहेर काढते, स्वेटर घेते आणि ठोकळा परत आत ठेवते. शेजारपाजारचं कुणी बसलेलं असलं तर विचारतंच, हे काय हो बाई? बॅटरी आहे, मी सांगते. लाकडाची? हो, लाकडाची. मग ते माझ्याकडे कसं बघायचं तसं बघू देत. सगळ्यांना सगळं समजावून सांगायचा मक्ता मी शाळेत घेतलाय, घरी नाही.

न्हावऱ्यात थंडी आली हे मला आधी नाकानं कळतं. उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात, रस्त्यावर पाचट पडतं, त्याची कुणीतरी पहाटे शेकोटी करतं. कांद्याच्या रोपांचा तो हिरवा तिखट वास शाळेच्या खिडकीतून थेट फळ्यापर्यंत येतो. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बाजेवर बसलेले असतात, कानाला मफलर बांधून. जेवणं झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"तिकांडं वर आलं का गं?"

तिकांडं म्हणजे मृगातले ते एका ओळीतले तीन तारे. "आलं," मी सांगते.

"किती?"

"समोरच्या नारळाच्या शेंड्याला टेकलंय."

आप्पा जरा विचार करतात. "म्हंजी साडेआठ झालं." घड्याळात आठ चाळीस असतात. दहा मिनिटांसाठी मी भांडत बसत नाही. आप्पांना आता दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बस्स.

मी वाढले दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. बाकीच्या पोरींसाठी हिवाळा म्हणजे बोरं, हुरडा, तीळगूळ. आमच्या घरी हिवाळा म्हणजे आप्पांची रातपाळी. थंडीत लोखंड आकसतं, रूळ ताणला जातो आणि एखाद्या सांध्याला तडकतो. तो तडा गाडीच्या आधी माणसाला दिसला पाहिजे. म्हणून दिवाळीनंतर आप्पा पेट्रोलिंगला जायचे. एका हातात बत्ती, खांद्याला पिशवी, पिशवीत गाडी थांबवायला रुळावर बांधायचे फटाके, अंगावर घोंगडी, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात एक वही. एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत रुळावरनं चालत जायचं, तिथं मास्तरची सही घ्यायची, परत यायचं, इथल्या मास्तरची सही घ्यायची. रात्रभर हेच. सही नसली तर फेरी झालीच नाही असं धरायचे. मला लहानपणी वाटायचं, जगात मास्तर एकच असतो. तोच दिवसा शाळेत छडी मारतो आणि रात्री आप्पांच्या वहीत सही करतो.

आप्पांची फेरी मनमाड लाइनला असायची. दौंडहून ती लाइन वर उत्तरेला जाते. जाताना ध्रुव तोंडासमोर, येताना पाठीला. वर्षानुवर्षं हा माणूस रात्रभर त्या एका ताऱ्याकडे चालत गेलाय आणि त्याच्याकडे पाठ करून परत आलाय. सप्तर्षींना आप्पा 'खाटलं' म्हणायचे. खाटलं उगवलं की ते अर्ध्या फेरीत असायचे, तिकांडं डोक्यावर आलं की चहाची वेळ व्हायची. सकाळी घरी आले की आंघोळीच्या पाण्याची वाट बघता बघता मला हे सगळं सांगायचे. त्यातच एकदा म्हणाले, "सुजाता, एक गंमत सांगू का? ध्रुव बी हालतो."

मी म्हणाले, "छे! ध्रुव कुठं हालतो?"

"न्हाई, हालतो. सिग्नलच्या अलीकडं एक दगूड हाय. रोज त्याच दगडावर म्या इसाव्याला बसतो. पैल्या फेरीला ध्रुव सिग्नलच्या डोक्यावर पाऊण बोट वर आसतो. पहाटच्या फेरीला सिग्नलला टेकल्याला. रोजचं हाय. तीन वर्सं बघतोय." हात लांब करून, एक डोळा मिटून, बोट आडवं धरून त्यांनी मला दाखवलं. मला ते इतकं आवडलं की मी दिवसभर दिसेल त्याला बोट आडवं धरून मोजत सुटले.

आणि आठवीत, विज्ञानाच्या तासाला, माती खाल्ली. सरांनी विचारलं, ध्रुव ताऱ्याचं वैशिष्ट्य काय? सगळ्या वर्गाचे हात वर. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ध्रुव हालतो."

"कोण म्हणतं?"

"आमचे आप्पा."

"काय करतात आप्पा?"

"रेल्वेत आहेत. रात्री रूळ बघतात."

"मग त्यांना म्हणावं, रूळच बघा. वर बघून चाललात तर जाल गाडीखाली." वर्ग असा हसला की बाकं वाजली. मधल्या सुट्टीत पोरांनी माझं नाव 'हालता ध्रुव' ठेवलं. ते दहावीपर्यंत टिकलं.

घरी आले तेव्हा आप्पा झोपले होते. रातपाळीचा माणूस दुपारी झोपतो, आणि आमच्याकडे तेव्हा भांडंसुद्धा आपटायचं नाही असा दंडक होता. मी दप्तर फेकलं आणि ओरडले. "तुम्हाला काय कळतंय? चौथी शिकलाय तुम्ही! मला परत काही सांगत जाऊ नका!" आप्पा दचकून उठून बसले. डोळे लाल. काय झालं हे आईनं त्यांना विचारू दिलं नाही, ती मलाच धपाटा घालायला धावली. आप्पांनी तिला हातानं थांबवलं. मला म्हणाले, "बरं."

आणि खरंच परत सांगितलं नाही. खाटलं नाही, तिकांडं नाही, काही नाही. हा माणूस शब्दाचा इतका पक्का असेल असं वाटलं नव्हतं. मी हट्टी, बाप माझ्यावर ताण.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं, पण आता आलंच आहे तर सांगून टाकते. बी.एस्सी.ला पुण्यात होते तेव्हा लायब्ररीत एका पुस्तकात दोन ओळी सापडल्या. ध्रुव तारा आकाशाच्या नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, जरा बाजूला आहे, त्यामुळे तोही त्या बिंदूभोवती रोज एक छोटं वर्तुळ काढतो. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. मग वही-पेन्सिल घेऊन गणित मांडलं. हिवाळ्यात संध्याकाळी तो वर असतो, पहाटेपर्यंत खाली उतरतो. उतरतो किती, तर साधारण पाऊण बोट. शनिवारच्या गाडीनं दौंडला येताना ठरवलं, गेल्या गेल्या सांगायचं. घरी पाहुणे होते. पुढच्या शनिवारी आईला ताप होता. मग परीक्षा, मग नोकरी, मग आई गेली. गोष्ट इतकी जुनी झाली की काढायचीच लाज वाटायला लागली. आणि अगदी खरं सांगायचं तर, मी आता स्वतः मास्तरीण झाले होते. वर्गात 'अढळ ध्रुव' शिकवत होते. पुस्तकात तेच होतं ना!

आप्पा रिटायर झाल्यावर माझ्याकडे न्हावऱ्याला येऊन-जाऊन असायचे. भारनियमनाची ती वर्षं. संध्याकाळ झाली की गावच्या गाव काळोखात. एका रात्री ओट्यावर बसलो होतो आणि आप्पा, ज्यांनी वीस वर्षं माझ्याजवळ आकाशाचं नाव काढलं नव्हतं, आपणहून म्हणाले, "चांदण्या कमी झाल्यात, न्हाई?"

मी वर बघितलं. लाइट नाही, ढग नाही, आकाश नुसतं खच्चून भरलेलं. "काहीतरीच काय? एवढ्या तर आहेत," मी म्हणाले. आप्पा वर बघतच राहिले. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी त्यांना डोळे दाखवायला पुण्याला नेलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जितकी टिकेल तितकी. डोळ्याच्या कडा आधी जातात, मधलं शेवटी. आप्पांनी एकच विचारलं, "कवापसनं आसंल ह्ये?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, बरीच वर्षं हळूहळू चाललेलं असू शकतं. परतीच्या गाडीत आप्पा खिडकीशी बसले. यवत गेलं, पाटस गेलं, दौंड आलं तेव्हा म्हणाले, "म्हंजी तवापसनं डोळं दगाच देत हुतं मला. मंग त्यो ध्रुव बी..."

ते वाक्य मी पुरं केलं नाही. करता आलं असतं. पुस्तकात असं आहे आप्पा, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, पुस्तकाचं नाव सांगून भागणार नाही. ज्या डोळ्यांवर या माणसाचा संशय बसलाय त्याच डोळ्यांना ते दिसलं पाहिजे, आणि ते डोळे मिटायच्या आत दिसलं पाहिजे. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

शिरूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता, त्याचा जुना डिजिटल मी घेतला. स्टँड घेतला, शटर लांबून दाबायची वायर घेतली. बेत सोपा होता. कॅमेरा उत्तरेला तोंड करून रात्रभर एका जागी ठेवायचा, पाच-पाच मिनिटांचे फोटो एकामागून एक काढायचे, आणि मग कॉम्प्युटरवर ते एकावर एक ठेवायचे. प्रत्येक तारा आपापली रेघ काढून दाखवेल. ध्रुवही.

शाळेच्या गच्चीवर पहिला प्रयोग केला आणि पावणेदोन तासांत बॅटरीनं मान टाकली. डोळा उघडा ठेवायला कॅमेऱ्याला सतत करंट लागतो, त्यात थंडी. दुसरी बॅटरी होती, पण ती घालायचं झाकण कॅमेऱ्याच्या बुडाला, स्टँडच्या पट्टीखाली. म्हणजे कॅमेरा काढा, बदला, परत बसवा. कितीही जपलं तरी तो केसभर सरकलाच. फोटोत ध्रुव टुणकन उडी मारून बाजूला गेलेला. आप्पांनी फोटो नाकाला लावून बघितला आणि कित्येक दिवसांनी हसले. "एवढा न्हाई हालत त्यो."

"दोनच फोटो काढू," मी म्हणाले. "एक संध्याकाळी, एक पहाटे. मध्ये कॅमेरा बंद. बॅटरी आरामात पुरेल."

"दोन टोकाला सही घिऊन मधी झोपणारं पेट्रोलमन लई बघितल्यात म्या," आप्पा म्हणाले. "फेरी करायची तर सगळी करायची."

म्हणून मी हमीदमामांकडे गेले. हमीदमामांचं न्हावऱ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि वडगाव रासाईला भीमेकाठी थोडी जमीन. जळालेल्या पाणमोटारी उघडून त्यात नवी तांब्याची तार भरायची हे त्यांचं काम. दुकानात सतत वार्निशचा वास. मी कॅमेरा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, याला बाहेरून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर चालवता येईल का? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, पन्नास घोड्याच्या मोटारी बांधल्या. पर एवढ्याशा जिवाला करंट द्यायचा म्हंजी हात कापतो बघा. कशापायी पायजे?"

मी सांगितलं. सगळं नाही, आप्पांपुरतं सांगितलं. मामांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

आठ दिवस ते त्याच्यामागं होते. दाराच्या जुन्या चौकटीतला सागाचा तुकडा घेऊन हुबेहूब बॅटरीच्या मापाचा तासला, कानशीनं घासला, वाइंडिंगच्या तांब्याच्या दोन पट्ट्या नेमक्या जागी ठोकल्या. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, कॅमेऱ्याला लागतात साडेसात. मधला जोर खाऊन टाकणारं सर्किट त्यांनी तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत बसवलं. वायर बाहेर यायला माझ्या कॅमेऱ्याच्या झाकणाला खाच पाडायला लागणार होती. मामा कानस घेऊन बसले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. "झालं बाई, वळा," असं ते म्हणाले तेव्हाच वळले. लाकडाचा ठोकळा पोटात घेऊन कॅमेरा सुरू झाला होता. खोटा सेल आहे हे त्याला कळलंच नाही. मामांनी दुकानातल्या दुकानात अशी काही शीळ घातली की समोरच्या हॉटेलातनं न सांगता दोन चहा आले.

शनिवारी, अवसेच्या रात्री, आम्ही तिघं मामांच्या जीपमधून वडगावला गेलो. उत्तरेला मोकळं रान, मध्ये मामांचा कांदा, आणि रानात एक लाकडी खांब. मी तोच खांब सिग्नल म्हणून धरला. कॅमेरा असा लावला की ध्रुव खांबाच्या डोक्यावर पाऊण बोट. गोणपाटावर ट्रॅक्टरची बॅटरी, तंबाखूची डबी, लाकडी सेल. मोबाइलवर पाच मिनिटं मी बघायची, बटण आप्पांनी सोडायचं आणि परत दाबायचं. त्यांना त्यासाठी डोळे लागत नव्हते. आठ वाजता सुरू केलं. मामा म्हणाले, जरा पडतो. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी थर्मासमधला चहा काढला.

सव्वादहाला खांबावरचा दोनशेचा बल्ब लागला!

त्याचं असं होतं. त्या वर्षी शेताची लाइट कधी येईल याचा काही नेम नव्हता. रात्री दहाला, नाहीतर दोनला. म्हणून त्या भागात बल्बचं बटण कुणी बंद करतच नव्हतं. लाइट आली की बल्ब लागायचा, डोळ्यावर उजेड पडून माणूस उठायचा आणि पाणी द्यायला पळायचा. घड्याळाचा गजर असतो तसा तो बल्बचा गजर. आठ दिवस आम्ही तिघांनी करंटशिवाय दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता, आणि नेमक्या त्याच खांबावर बल्ब आहे हे तिघांच्याही लक्षात आलं नाही. मामांच्या तर नाहीच, कारण त्यांच्या लेखी तो बल्ब नव्हताच, तो गजर होता. उजेड पडताच सवयीनं ते घोंगडीतनं ताडकन उठले आणि "लाइट आली!" म्हणून पाणी धरायला धावले. पायात वायर आली. स्टँड कांद्याच्या वाफ्यात आडवा.

कॅमेरा ओल्या मातीत पडल्यामुळं वाचला. पण रात्र गेली. दोन तासांचे फोटो हातात होते, त्यात ध्रुवाचा ठिपका जरासा लांबल्यासारखा. कुणीही म्हणालं असतं, हात लागला असेल. मामा डोक्याला हात लावून बांधावर बसले. "सोन्यासारखी रात माझ्या हातानं घालवली." मी त्यांना काहीतरी लागेल असं बोलले, आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही. आप्पा म्हणाले, "उद्या हाय की. रूळ काय एका रात्रीत उचलून नेत न्हाईत."

रविवारी परत गेलो. मी सोमवारची रजा टाकली होती. मामांनी अंधार पडायच्या आधी शिडी लावून बल्ब फिरवून काढला, रुमालात गुंडाळून खिशात घातला.

"मग लाइट आलेली कळणार कशी तुम्हाला?" मी विचारलं.

"म्या उठवतो की," आप्पा म्हणाले. "मोटारीचा आवाज आला की हाक मारतो. रातपाळी माझी हाय."

त्या रात्री लाइट अकराला आली. मोटार आपोआप सुरू झाली, आप्पांनी हाक दिली, मामा उठले. टॉर्चचा उजेड फोटोत येईल म्हणून त्यांनी तो घेतलाच नाही. अनवाणी, धोतर खोचून, मिट्ट काळोखात, त्या बर्फासारख्या पाण्यात ते रात्रभर एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवत राहिले. मी म्हणाले, मामा, पडाल. अंधारातनं आवाज आला, "न्हाई पडत. वाफं पायाला पाठ हायत." आम्हाला ते दिसत नव्हते, फक्त पाण्यातली पावलं ऐकू येत होती.

दोनच्या सुमाराला मी म्हणाले, "आप्पा."

"हं."

"ध्रुव हालतो हे मला माहीत होतं."

"आता फोटूत दिसंल की."

"तसं नाही. कॉलेजात असताना पुस्तकात वाचलं होतं मी. तुम्ही म्हणायचा तेवढंच, पाऊण बोट. बारा वर्षं झाली."

आप्पांचा अंगठा बटणावर तसाच होता.

"बारा?"

"हो."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"लाज वाटली."

"कुणाची? माझी?"

"माझी," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. मोबाइलवर पाच मिनिटं होऊन गेली असतील, मला आकडे दिसत नव्हते. आप्पाच म्हणाले, "पाच झाली आसत्याल." मी म्हणाले, "झाली." त्यांनी बटण सोडलं, परत दाबलं.

मग तीन फोटो नुसतं बटण सोडणं आणि दाबणं झालं. तीन फोटो म्हणजे पंधरा मिनिटं. थंडीत पंधरा मिनिटं किती मोठी असतात हे मला त्या रात्री कळलं. चौथ्याला आप्पा म्हणाले, "डागदर बोलला तवापसनं म्या समजलो, डोळा फसला. तवा बी फसला आसंल. मंग वाटलं, एवढी वर्सं रूळ बघितलं ह्या डोळ्यांनी, त्यात काय काय सुटलं आसंल कुणाला ठावं."

"काही सुटलं नाही, आप्पा."

"व्हय. आता तू सांगतीस तर न्हाई सुटलं." आणि मग, त्यांच्या आवाजात अगदी साधं, "लवकर सांगायचं गं, पोरी."

यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. साडेचारला नदीकडून धुकं आलं आणि तारे एकेक करून पुसले गेले. शेवटचा फोटो झाला तो एकशे दोनावा. मामा वाफ्यातनं बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय पांढरेफटक पडले होते. आप्पांनी आपली घोंगडी काढून त्यांच्या पायांवर टाकली.

शिरूरच्या त्या फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरवर आम्ही सगळे फोटो एकावर एक ठेवले. खांब काळा, उभा, डोक्यावर रिकामा होल्डर. भोवती ताऱ्यांच्या मोठमोठ्या कमानी. आणि त्यांच्या मधोमध, कापलेल्या नखाएवढी, एक स्वच्छ पांढरी कोर. वरून डावीकडनं खाली उतरलेली. फोटोग्राफर पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला, "मॅडम, बाकी झकास आलाय, फक्त हा मधला एक जरा हाललाय. साफ करू का?"

"हात लावलास तर बघ," मी म्हणाले.

मोठा कागद करून घेतला आणि घरी आले. सकाळचं ऊन खिडकीत होतं. आप्पांनी फोटो उन्हात धरला, नाक टेकेपर्यंत जवळ आणला आणि मान जरा इकडे, जरा तिकडे करत डोळ्यात शिल्लक असलेल्या त्या एवढ्याशा जागेत ते शोधू लागले. मी बोट धरून नेलं नाही. त्यांचं त्यांना सापडू दिलं.

"ह्यो खांब."

"हो."

"आन् ह्यो त्यो?"

"तोच."

बोटाच्या टोकानं ते कोरीवरनं हळूच फिरले. "हितं सांजची येळ. हितं पहाट. उतारलाय." मग परत एकदा, खालून वर. मग हात लांब केला, एक डोळा मिटला, आणि बोट आडवं धरलं. कागदावर ते माप लागू होत नाही, पण मी म्हणाले, "पाऊण बोट, आप्पा. बरोबर पाऊण."

त्यांनी मान हलवली. फोटो मांडीवर ठेवला. मग तो पालथा केला.

"पेन हाय का?"

"आहे. काय लिहायचंय?"

"सही कर."

"माझी? माझी कशाला?"

"तू मास्तर न्हाईस व्हय?" आप्पा म्हणाले. "मास्तरची सही झाल्याबिगर फेरी पुरी धरत न्हाईत."

मी लिहिलं. 'ध्रुव हालतो.' खाली वेळ लिहिली, सुरुवातीची आणि शेवटची. त्याच्याखाली नाव, आणि नावाखाली, विज्ञान शिक्षिका. काय लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, वहीवर घालायचे तशी शाईवर फुंकर घातली, आणि माझ्याकडे परत दिला. तो आता भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी आहे, सहीची बाजू आत.

"झाली ड्युटी," आप्पा म्हणाले, आणि घोंगडी डोक्यावरनं ओढून आडवे झाले. अकरा वाजले होते, बाहेर पोरं खेळत होती. मी बाहेर जाऊन त्यांना लांब पिटाळलं, आणि परत येऊन दार आवाज न करता ओढून घेतलं.